एका घराच्या तीन बातम्या

बाई आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांनी आल्याआल्या एडिट रूमची खिडकी उघडायला लावली. फेब्रुवारी होता, हार्बरवरून बोचरा वारा येत होता, आणि ती एकुलती एक खिडकी रंगाने चौकटीला चिकटून बसली होती. "इथे जुन्या टेपांचा वास येतोय," त्या म्हणाल्या, "मला तो सहन होत नाही." मला कसलाही वास येत नव्हता. तरी मी स्क्रूड्रायव्हरने कडा खरवडून खिडकी उघडली आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघी कोट घालून काम केलं.

ब्रिस्टलमधली आमची ती कंपनी छोटी, डॉक्युमेंटरी बनवणारी. नवऱ्याला इथे विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून आलो. त्याआधी मी मुंबईत मालिका एडिट करायचे. सुनेच्या हातातून ताट पडलं की घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवायचा, अशी ती कामं. इथे बरेच दिवस घरी बसून काढल्यावर ही नोकरी मिळाली, तेव्हा मी हरखून गेले होते. आता खऱ्या माणसांचं, खऱ्या घटनांचं काम करायचं, असं मी आईला फोनवर सांगितल्याचं आठवतं.

फिल्म होती युगोस्लाव्हियावर. तो देश युद्धाने फुटला हे सगळ्यांना माहीत आहे. युद्धाच्या आधी तो टीव्हीवर कसा फुटला, हे आम्हाला दाखवायचं होतं. प्रोड्युसरने कुठून कुठून जुन्या बातम्यांच्या टेपा जमवल्या होत्या. त्या भाषा कळणारं माणूस हवं होतं, म्हणून बाई आल्या. साठी उलटलेल्या, उंच, केस अगदी बारीक कापलेले. युद्धात निर्वासित म्हणून इंग्लंडात आल्या आणि निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलांमध्ये दुभाषी म्हणून राबल्या. पण त्याआधी, आपल्या देशात, त्या टीव्ही केंद्रात एडिटर होत्या. माझंच काम. हे कळल्यावर मी मनातल्या मनात त्यांना 'बाई' म्हणायला लागले, शाळेत म्हणायचो तसं. बोलायचो अर्थातच इंग्रजीत.

सुरुवातीच्या टेपा बघताना मजा यायची. त्या देशात प्रत्येक प्रजासत्ताकाचं आपापलं टीव्ही केंद्र होतं, आणि रोज सगळी केंद्रं दिवसभरातली दृश्यं एकमेकांना पाठवायची. एकीकडून बर्फावरच्या उड्यांची स्पर्धा, दुसरीकडून तंबाखूचा हंगाम, तिसरीकडून कुठल्यातरी धरणाचं उद्घाटन. बाईंच्या केंद्रातून जाणारी दृश्यं बाईंच्या टेबलावरून जायची. नुसती चित्रं जायची, सोबत दोन ओळींची माहिती. त्यावरची बातमी ज्याने त्याने लिहायची. बातम्यांच्या आधी रोज एक कार्टून लागायचं, आणि देशभरची मुलं ते संपलं की झोपायला पिटाळली जायची. बाईंच्या शहरातल्या पेपरात एक पान एका लिपीत असायचं, पुढचं दुसऱ्या लिपीत. "आम्हाला पान उलटताना लिपी बदलली हे जाणवायचंही नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता बाई हळव्या होणार. चेहऱ्यावर तसं दिसलं असावं, कारण त्यांनी मला तिथेच झापलं.

"सुस्कारे टाकू नकोस. तेव्हाही आम्ही खोटंच दाखवायचो. खाणीत संप झाला तर संप म्हणायची चोरी, 'कामात खंड' म्हणायचं. तुरुंगात कोणाला टाकलं तर त्याचं नावच घ्यायचं नाही. पण ते खोटं सरकारची लाज झाकायला होतं. शेजाऱ्याला मारायला नव्हतं."

मग नंतरच्या टेपा आल्या, आणि मजा संपली.

निवेदक तेच होते. तोच टाय, तोच भांग, तेच शुद्ध उच्चार. फक्त शब्द बदलत गेले. आधी 'नागरिक' गेले. मग 'शेजारी' गेले. राहिले 'आमचे' आणि 'ते'. आमचा माणूस मेला की त्याची कत्तल व्हायची, त्यांचा मेला की सफाई. बाई सपाट आवाजात एकेक वाक्य भाषांतर करून सांगायच्या आणि मी टाइप करायचे. लोक मला विचारतात, इतकं रक्त बघून त्रास नाही झाला का? खरं सांगायचं तर मळमळायचं ते रक्ताने नाही. एका तळघरात रांगेने ठेवलेल्या प्रेतांची बातमी संपवून तो निवेदक कागद नीट जुळवायचा, किंचित हसायचा आणि उद्याच्या हवामानाकडे वळायचा. ते हसू आलं की मी टेप थांबवायचे.

सगळ्यात वाईट होत्या त्या कच्च्या टेपा, म्हणजे न कापलेलं चित्रीकरण. एका टेपेत एक म्हातारी होती. डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट, मागे मोडलेलं कुंपण. रिपोर्टर कॅमेऱ्यामागून विचारत होती, काय झालं?

"माणसं आली," म्हातारी म्हणाली. "गाय नेली. माझ्या म्हाताऱ्याला नेलं."

"कोण माणसं?"

"अंधार होता, पोरी. मला नाही दिसली."

कॅमेरा थांबतो, पुन्हा सुरू होतो. रिपोर्टरचा आवाज आता फार गोड. "आजी, नुसतं 'माणसं' नका म्हणू हं. कोण होते ते म्हणा. आपल्या लोकांना कळायला नको का?"

म्हातारी पुन्हा तेच सांगते. अंधार होता. तिसऱ्यांदा मात्र तिने तो शब्द उच्चारला, त्या जमातीचं नाव, आणि उच्चारून कॅमेऱ्याकडे पाहिलं, बरोबर म्हटलं ना अशा नजरेने. बातमीत तेवढंच दाखवलं होतं. अंधार कापला होता.

मी हेडफोन काढून ठेवला. त्या रिपोर्टरचा सूर मला ओळखीचा होता. मालिकेतल्या लहान मुलाला रडायला लावताना आमचा दिग्दर्शक असाच बोलायचा. बाईंनी बिस्किटाचा डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "खा काहीतरी. ही रिपोर्टर आता म्हणे विद्यापीठात पत्रकारिता शिकवते."

ते घर आम्हाला सापडलं ते त्यानंतर. एका प्रजासत्ताकाच्या राजधानीतल्या केंद्राची बातमी होती. डोंगराच्या उतारावरचं दुमजली घर, वरचा मजला पेटलेला, छपराची कौलं एकेक करून आत कोसळताहेत. अंगणात एक वेगळी छोटी खोली, पत्र्याची. निवेदक सांगत होता, 'त्यांनी' आपल्या माणसाचं घर जाळलं.

बाई बोलायच्या थांबल्या. मला वाटलं शब्द अडला.

"दुसऱ्या राजधानीची त्याच आठवड्यातली टेप आहे ना? ती लाव," त्या म्हणाल्या.

मी शोधून लावली. तेच घर. तोच शॉट, तीच कौलं, त्याच क्रमाने कोसळणारी. निवेदक वेगळा. तो सांगत होता, 'त्यांनी' आपल्या माणसाचं घर जाळलं. फक्त 'ते' आणि 'आपले' यांची अदलाबदल झाली होती.

"ती पत्र्याची खोली म्हणजे उन्हाळ्यातलं स्वयंपाकघर," बाई म्हणाल्या. "माझी मावशी तिथे लाल मिरच्या भाजायची. सप्टेंबरात सगळ्या गल्लीला वास यायचा."

मावशीचा नवरा एका जमातीचा होता आणि मावशी दुसऱ्या जमातीची. म्हणजे दोन्ही राजधान्यांना अर्धं अर्धं घर मिळालं. जाळणारे गावातलेच, नावानिशी माहीत असलेले. त्यातला एक जण मावशीच्या अंगणात खेळून मोठा झालेला. दोघं नवराबायको मागच्या उतारावरून निसटली म्हणून वाचली. ते दृश्य बाईंच्याच केंद्राच्या कॅमेरामनने टिपलं होतं आणि बाईंनी स्वतः सगळ्यांना पाठवलं होतं. सोबतच्या दोन ओळींत गावाचं नाव होतं, आणि लिहिलं होतं: घर जाळलं, मालक पती-पत्नी बेपत्ता. दोन्हीकडच्यांनी त्या ओळी फेकल्या आणि चित्र ठेवलं.

"मावशीने ते कुठे पाहिलं असेल?" बाईंनी मला विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "एका शाळेच्या व्यायामशाळेत. निर्वासितांना तिथे ठेवलं होतं, कोपऱ्यात टीव्ही होता. डोंगरावरचा ट्रान्समीटर कधी याच्या हातात, कधी त्याच्या, त्यामुळे आज ही राजधानी दिसायची, उद्या ती. तिने दोन्ही बातम्या पाहिल्या. पुढे स्वीडनला गेली, तिथेच वारली. घरात टीव्ही कधी घेतला नाही."

मी हे सगळं प्रोड्युसरला सांगितलं. तो पन्नाशीच्या आतला, लाघवी माणूस. कोणाचा वाढदिवस विसरायचा नाही, स्वतः उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. ऐकता ऐकता त्याचे डोळे चमकले. "हे तर सोनं आहे," तो म्हणाला. एका चांगल्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकून मला चर्रकन झालं, पण मी ते मनावर घेतलं नाही. आमच्या धंद्यात सगळेच असं बोलतात.

बाईंनी त्याला एकच अट घातली. "ते घर दाखव, पण दोन्ही बातम्या एकापाठोपाठ दाखव, आणि घर कुठलं, कोणाचं, ते खरं सांग. नाहीतर दाखवू नकोस."

त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्हाला शब्द देतो," म्हणाला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फिल्मची लांबी कमी करायची वेळ आली. दोन बातम्यांचा तो भाग सगळ्यात आधी गेला. "फार गुंतागुंतीचा आहे, प्रेक्षकाला कळणार नाही." मग त्याला सुरुवातीला काहीतरी दणकेबाज हवं होतं. निवेदनात एका दुसऱ्याच, शेकडो मैल लांबच्या शहराचं नाव होतं, तिथल्या वेढ्याचं वर्णन होतं, आणि त्या शहराचं फुटेज महाग पडत होतं.

"ते जळतं घर टाक ना इथे," तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला. "जरा स्लो कर. आणि आगीचा आवाज टाक, मूळ टेपेत तो नीट नाही."

"हे घर त्या शहरातलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही बाईंना शब्द दिलाय."

"मी त्यांची गोष्ट वापरतच नाहीये ना. हे फक्त टेक्स्चर आहे, वातावरणासाठी."

टेक्स्चर! मला क्षणभर कळेना, हा माणूस घराबद्दल बोलतोय की पडद्याच्या कापडाबद्दल. मी नाही म्हटलं. तो अजिबात रागावला नाही. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, तुझ्या भावना मला समजतात, आणि दुसऱ्या दिवशी एका फ्रीलान्स एडिटरला बोलावून त्याने ते करून घेतलं. शेजारच्या खोलीतून मला तो आगीचा आवाज दिवसभर ऐकू येत होता. साउंड लायब्ररीतला तयार तुकडा. त्यात एक लाकूड मोडल्याचा कडाका आहे, आणि तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो म्हणून तो कडाका ठरावीक अंतराने येतो. एकदा ओळखला की विसरता येत नाही.

त्याच सुमारास आमच्या मराठी ग्रुपचं दुपारचं एकत्र जेवण होतं. कार्डिफहूनही काही मंडळी आली होती. हॉलमध्ये एका टेबलावर मसालेभात, अळूवडी, कोणीतरी आणलेलं ट्रायफल नावाचं पुडिंग. तिथे एक निवृत्त सर्जन काका आहेत. उभं आयुष्य इथल्या हॉस्पिटलांत गेलं, नव्याने आलेल्या प्रत्येकाला घर शोधण्यापासून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालण्यापर्यंत मदत करतात. आम्हालाही केली. त्यांनी फोनवर एक क्लिप लावून सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या कुठल्याशा गावात 'त्यांनी' आपल्या लोकांची घरं पेटवली, असं खाली लिहिलेलं. माणसं वाट्या हातात धरून बघत होती, च्‌ च्‌ करत होती. माझ्या कानावर तो कडाका पडला. पुन्हा पडला. ठरावीक अंतराने.

"अहो काका," मी म्हटलं, "हा आवाज नंतर टाकलाय. आमच्याकडे हाच आहे, लायब्ररीतला. आणि ती घरंही आपल्याकडची वाटत नाहीत, उतरती काळी कौलं बघा ना."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आवाज खोटा असेल गं. घरंही दुसरीकडची असतील. पण मुद्दा तर खरा आहे ना?"

"कुठला मुद्दा, काका? हे घर कोणाचं आहे हेच तुम्हाला माहीत नाही."

"तू फार टेक्निकल होतेस बघ," ते हसून म्हणाले, आणि एका काकूंनी घाईघाईने मला विचारलं, अळूची पानं इथे कुठे मिळतात? क्लिप पुढे सरकत राहिली, एका फोनवरून दुसऱ्या फोनवर. शिसारी म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं. जिभेवर येते ती. माझ्या ताटातली अळूवडी मी कागदी रुमालात गुंडाळून बिनमध्ये टाकली. गाडीत नवरा म्हणाला, "जेवणाच्या वेळी कशाला विषय काढलास?" मी म्हटलं, "विषय मी काढला?"

फिल्मचा पहिला खेळ ब्रिस्टलमधल्याच एका लहान थिएटरात झाला. नंतर चर्चा होती आणि बाईंना मंचावर बोलावलं होतं. त्या दृश्याबद्दल मी त्यांना आधीच फोन करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी येणार. मला बघू दे." पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आल्या. दिवे मालवले, आणि पहिल्याच मिनिटात, मोठ्या पडद्यावर, मावशीचं घर संथपणे कोसळलं. चेलो वाजत होता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला धीर झाला नाही.

चर्चेत सूत्रसंचालकाने विचारलं, असं आपल्या इथे होऊ शकेल का? प्रेक्षकांत थोडं सुखावलेलं हसू पसरलं. मग माईक बाईंकडे आला.

"सुरुवातीला तुम्ही जे घर पाहिलंत," त्या म्हणाल्या, "ते त्या शहरातलं नाही. ते माझ्या मावशीचं आहे. तेव्हा दोन केंद्रांनी त्याच्याबद्दल खोटं सांगितलं. आज तिसऱ्यांदा सांगितलं गेलं. फरक इतकाच, की या वेळी मला प्रवासखर्च मिळाला."

प्रोड्युसरने माईक घेतला. तो खरोखर भारावल्यासारखा दिसत होता. "ही वेदनाच तर आमच्या फिल्मचा विषय आहे," तो म्हणाला. "ते घर आम्ही प्रतीक म्हणून वापरलंय. एका अर्थाने ते प्रत्येकाचं घर आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी वाजवल्या, बाईंसाठी वाजवल्या की स्वतःच्याच हळवेपणासाठी, कोण जाणे. मागच्या रांगेतल्या एकीने हात वर करून विचारलं, संगीत फार सुंदर होतं, कोणाचं आहे? बाईंनी माईक टेबलावर आडवा ठेवला, पायऱ्या उतरून खाली आल्या आणि सरळ दाराबाहेर गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. बाहेर लॉबीत वाइनचे ग्लास आणि चीजचे तुकडे मांडून ठेवले होते. "चल लवकर," त्या म्हणाल्या, "मला इथे ओकारी येईल."

मी नोकरी सोडली. त्यात शौर्य काही नव्हतं. मला ती खुर्ची नकोशी झाली होती. फिल्मवरून माझं नाव काढायला सांगितलं, ते त्यांनी काढलं, आणि निरोप म्हणून फुलांचा मोठा गुच्छ घरी पाठवला. मी तो उघडलाही नाही. फिल्म पुढे टीव्हीवर लागली. बाईंनी चॅनलकडे तक्रार केली. त्यावर आलेल्या ईमेलचा मथितार्थ असा, की तुमची भावना आम्ही गांभीर्याने घेतो, पण दृश्याचा वापर नियमात बसतो. स्वीडनहून मावशीच्या मुलीचा फोन आला होता. तिने बाईंना इतकंच विचारलं, "या वेळी कोणी जाळलं म्हणे?"

सध्या मी विद्यापीठाच्या लेक्चरांचे व्हिडिओ एडिट करते. एक माणूस फळ्यासमोर उभा राहून पुलांच्या खांबांबद्दल बोलतो. त्याला कोणी स्लो करा म्हणत नाही. मराठी ग्रुपच्या जेवणांना आता नवरा एकटा जातो. काकांनी मध्यंतरी विचारलं म्हणे, मुलगी रागावली का? रागावले असते तर बरं झालं असतं. राग निवतो. त्यांच्या हातचं पाणी प्यायला नको वाटणं, आणि हाच माणूस आमच्या नव्या घराच्या चाव्या घेऊन पहिल्या दिवशी स्टेशनवर उभा होता हेही आठवणं, याला मराठीत काय म्हणावं मला माहीत नाही.

बाईंकडे मी अधूनमधून शनिवारी सकाळी जाते. काउन्सिलचा, म्हणजे पालिकेने भाड्याने दिलेला फ्लॅट, तिसरा मजला. परवा गेले तर टीव्ही चालू होता. मला आश्चर्य वाटलं, एरवी तो बंदच असायचा. वेल्श भाषेतला चॅनल होता, मेंढपाळांच्या कुत्र्यांची स्पर्धा चालली होती. एक माणूस शिट्टी मारत होता, कुत्रा पोटाशी गवत घासत वळत होता, मेंढ्या फाटकातून आत जात होत्या. खाली सबटायटल नव्हती.

"तुम्हाला वेल्श येतं?" मी विचारलं.

"एक अक्षर नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बघते. सरक जरा."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी कडक, गाळ खाली बसलेली कॉफी दिली. आम्ही कितीतरी वेळ मेंढ्या बघितल्या. एक मेंढी काही केल्या फाटकात शिरेना, तेव्हा आम्ही दोघी तिला आपापल्या भाषेत शिव्या घातल्या आणि हसलो. मग स्पर्धा संपली, पडद्यावर निळी अक्षरं आली, इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस टेबलामागे बसून कागद जुळवायला लागला. तो काय म्हणणार होता कोण जाणे. बिचारा कुठल्यातरी बंद रस्त्याबद्दलही सांगणार असेल. बाईंनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.